एन-जी, वाँग, वी, ऊई, हुआंग : एकच आडनाव, इतकी रूपं

किनारा

सिंगापूरला येऊन मला १४ वर्षं झाली. आमच्या मजल्यावर समोरच्या घरात एक आजोबा राहतात, वय ८० च्या पुढे. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत त्यांचं आडनाव फक्त दोन अक्षरं, एन आणि जी. आल्या आल्या मला वाटलेलं ही आद्याक्षरं असतील, पुढचं काहीतरी राहून गेलं असेल. मग लेकीच्या वर्गात तीन मुलं एन-जी निघाली, ऑफिसात दोन, तेव्हा कळलं की हे पूर्ण आडनाव आहे आणि त्यात स्वर नावाची गोष्टच नाही.

उच्चार कसा करायचा ते आजोबांनीच शिकवलं. म्हणजे ते म्हणून दाखवत होते आणि मी "एंग", "इंग", "नग" असं काय काय म्हणत होते आणि ते मान हलवत होते आणि मग अचानक माझ्या डोक्यात आलं की अरे हा तर आपला ङ! क ख ग घ ङ मधला. अंकलिपीत ज्याच्यासमोर कधीच चित्र नसायचं, बाई सांगायच्या ह्याचा शब्द नाही, पुढे चला, तो ङ. गंगा म्हणताना पुढचा ग आणि मागचा गा काढून टाका, मध्ये नाकात जे राहतं ते यांचं आडनाव. मी तसं म्हणून दाखवलं आणि आजोबांनी टाळीच वाजवली.

त्यानंतर त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने ते अक्षर काढलं. वर गवतासारखं काहीतरी, मध्ये चार खणांचं शेत, खाली दोन पाय. अर्थ पिवळा. मँडरीनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, हुआंग. आणि मग म्हणाले, आपले पंतप्रधान वाँग, तेही हेच अक्षर लिहितात. आधीचे राष्ट्राध्यक्ष वी किम वी, तेही हेच. इतकी वर्षं संरक्षणमंत्री होते ते एन-जी एंग हेन, तेही. मी गप्पच झाले. मुंबईएवढ्या देशात एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं आणि इंग्रजीत वाचणाऱ्याला वाटणार तीन वेगळी घराणी.

तेव्हापासून जमेल तसं वाचतेय, विचारतेय. जे पक्कं कळलं ते इथे लिहिते.

मूळ आहे हनान प्रांतात, आजच्या हुआंगछ्वान गावाजवळ. तिथे हुआंग नावाचं छोटं राज्य होतं, राजघराणं यिंग कुळातलं. दक्षिणेला छू नावाचं बलाढ्य राज्य, आणि हुआंगवाले त्यांना खंडणी द्यायचे ते बंद झाले कारण ईशान्येच्या छी राज्याशी त्यांची दोस्ती झाली. जुन्या बखरीत त्यांचं एक वाक्य नोंदलेलं आहे, की छूची राजधानी इथून ९०० ली (ली हे अंतराचं चिनी माप) लांब आहे, ते आमचं काय वाकडं करणार. त्याच्या पुढचंच वाक्य आहे की उन्हाळ्यात छूने हुआंग बुडवलं. इ. स. पूर्व ६४८. राज्य गेलं आणि लोकांनी राज्याचं नाव आडनाव म्हणून धरून ठेवलं. मला हे फार लागलं मनाला, २६०० वर्षांपूर्वी नकाशावरून पुसलेलं एक गाव आज माझ्या लेकीच्या वर्गाच्या हजेरीपटावर आहे.

पुढे ही मंडळी पसरत पसरत आजच्या वूहानच्या बाजूला, ज्याला तेव्हा च्यांगशिया म्हणत, तिथे मोठी झाली. आजही जगात कुठेही हुआंग लोकांची कुलसभा असली की पाटीवर च्यांगशिया हे नाव असतंच. तिथला सगळ्यात लाडका पूर्वज म्हणजे हान राजवटीच्या काळातला हुआंग श्यांग. ९ व्या वर्षी आई गेली, आणि हा पोरगा उन्हाळ्यात वडिलांची उशी पंख्याने गार करायचा आणि थंडीत आधी स्वतः अंथरुणात शिरून ते ऊबदार करून मग वडिलांना झोपवायचा. आपल्याकडे जसा श्रावणबाळ, तसा चीनमध्ये हा. आजोबा ही गोष्ट सांगताना पंखा हलवल्यासारखा हात करत होते.

आता स्पेलिंगांचं. मँडरीनवाले ह शाबूत ठेवतात, हुआंग. कँटनीजमध्ये (हाँगकाँग-ग्वांगतुंगकडची बोली) ह गळला, वाँग झालं. फूच्यान प्रांताच्या दक्षिणेला जी बोली (इथे तिला होक्कियन म्हणतात) तिच्यात छ्वानचौ आणि शियामेनच्या बाजूला ङ्, आणि शेजारच्याच चांगचौला नाकातून उईं. चांगचौकडची माणसं पेनांगला जास्त गेली म्हणून पेनांगला इंग्रज कारकुनाने लिहिलं ऊई. सिंगापूरला त्याचंच झालं वी. जाव्यात डच कारकून होता, त्याने डच पद्धतीने लिहिलं ओ-ई-आय, उच्चार तोच ऊई. फिलिपिन्समध्ये उय. हाक्का बोलीत वाँग किंवा बोंग. म्हणजे स्पेलिंग बघून कळतं की माणसाचे पूर्वज कुठल्या जिल्ह्यातून निघाले आणि कुठल्या साहेबाच्या बंदरात उतरले.

चूकभूल असेल तर सांगा. आणि कोणाकडे अजून माहिती असेल तर नक्की लिहा.

रानजाई

किती सुंदर लिहिलंयस गं! ङ चं वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजीच्या अंकलिपीत ङ आणि ञ ची घरं खरंच रिकामी होती.

मुळा_मुठा

धागा आवडला. एक शंका. इथे पुण्यात माझ्या कंपनीत हाँगकाँगचा क्लायंट होता, तोही एन-जी. तो म्हणायचा त्याचं मँडरीन रूप 'वू' आहे, हुआंग नाही. मग हे कसं?

किनारा

@मुळा_मुठा, खूप चांगला प्रश्न, आणि मी स्वतः इथे वर्षभर गोंधळले होते. तो बरोबर सांगत होता. कँटनीजमध्ये 'वू' ह्या वेगळ्याच आडनावाचा उच्चार ङ् होतो, आणि अजून एक तिसरं आडनाव आहे त्याचाही तसाच. होक्कियनमध्ये मात्र हुआंगचा ङ् होतो आणि वूचा होतो गोह, इथले दुसरे पंतप्रधान गोह चोक तोंग ते वू. म्हणजे दोन एन-जी शेजारी बसले असतील तर त्यांचा काही संबंध नसू शकतो, आणि एक एन-जी आणि एक वाँग भाऊबंद असू शकतात!

वाँगचंही तेच. कँटनीजमध्ये हुआंग आणि वांग (म्हणजे राजा) ही दोन्ही आडनावं वाँग होतात, सूरसुद्धा तोच. म्हणून ते लोक स्वतः सांगतानाच फोड करतात, "पोटवाला वाँग" की "तीन रेघांचा वाँग". पोटवाला म्हणजे हुआंग, मधल्या शेताच्या चौकटीमुळे. वांगचं अक्षर म्हणजे तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे हे सर्रास ऐकू येतं.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितोय. लेखाला एक पुरवणी, कारण ह्या आडनावाचं ऋण आमच्यावर, म्हणजे इथल्या मराठी कुटुंबांवर आहे आणि बहुतेकांना ते माहीत नसतं.

वाँग किम आर्क. पोटवाला वाँग. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आईवडील चिनी, स्वतः स्वयंपाकी. १८८२ पासून चिनी मजुरांना अमेरिकेत यायला कायद्याने बंदी. हा चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला तर बंदरावरच अडवलं, म्हणाले तू नागरिकच नाहीस. तो लढला. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ असा निकाल दिला की ह्या भूमीवर जन्मला म्हणजे नागरिक, आईवडील होऊ शकत नसले तरी. आम्ही व्हिसावर असताना माझ्या दोन्ही मुली इथे जन्मल्या आणि जन्मल्याबरोबर नागरिक झाल्या, ते ह्या माणसामुळे. २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वाचा वाद पुन्हा उठला तेव्हा प्रत्येक बातमीत त्याचं नाव होतं. मी तेव्हा मुलींना बसवून हा सगळा इतिहास सांगितला, मोठी म्हणाली बाबा आपण त्याच्या गावाचं नाव तरी लिहून ठेवू. तैशान, ग्वांगतुंग प्रांत. लिहून ठेवलंय, फ्रिजवर आहे.

आणि इथलं एक दुखरं प्रकरण. बंदीच्या काळात साध्या मजुराला नागरिकाचा मुलगा असल्याशिवाय येता यायचं नाही. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्माचे दाखले जळाले, मग पुष्कळांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं आणि गावाकडच्या पोरांना आपला मुलगा म्हणून कागदावर दाखवून आणलं. "कागदी मुलगे" म्हणतात त्यांना. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर अधिकारी तासन् तास उलटतपासणी घ्यायचे, तुझ्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला, शेजाऱ्याचं नाव काय. पोरं बोटीवर उत्तरं पाठ करायची. म्हणजे अमेरिकेतला एखादा वाँग मुळात ली असेल आणि एखादा ली मुळात वाँग. १९४३ ला बंदी उठली, १९५६ पासून सरकारने कबुलीची योजना काढली, तरी पुष्कळांनी खरं नाव घरातसुद्धा सांगितलं नाही. थडग्यावरच्या दगडावर मात्र चिनी अक्षरात खरं आडनाव आणि इंग्रजीत कागदी, असे दगड आहेत.

किनारा

@हडसनकाठी, हे वाचून मी उठून आजोबांकडे गेले आणि सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मरताना तरी खरं लिहिलं.

चिंचबन

वाचतेय. इंडोनेशियाबद्दल कोणी लिहा ना. माझा नवरा बॅडमिंटनचा वेडा आहे, त्याच्या तोंडी सतत रुडी हार्टोनो. तो चिनी वंशाचा होता असं मी ऐकलं, पण हार्टोनो तर जावानीज नाव वाटतं.

जास्वंद_७१

@चिंचबन ताई, मी जकार्ताला ६ वर्षं होतो, थोडंफार सांगतो. १९६६ मध्ये सुहार्तोच्या काळात सरकारने चिनी वंशाच्या लोकांना इंडोनेशियन वाटतील अशी नावं घ्यायला लावणारं फर्मान काढलं. कागदावर ऐच्छिक पण शाळा, नोकरी, परवाने सगळीकडे दबाव, मग लोकांनी बदलली. रुडी हार्टोनोचं मूळ आडनाव निओ, तो हुआंग नाही. पण गंमत बघा की जारुम सिगरेट कंपनीवाले जे हार्टोनो बंधू, ते मुळात ओई, म्हणजे किनारा ताईंचे हुआंग. आणि सिनार मास उद्योगसमूहाचे एका चिप्ता विजाया, तेही मुळात ओई. म्हणजे दोन हार्टोनो एका कुळातले नाहीत, आणि हार्टोनो आणि विजाया एका कुळातले आहेत. इंडोनेशियात नावावरून काही म्हणजे काही कळत नाही, घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांची पाटी असते ती बघावी लागते.

ओई तिओंग हाम विसरू नका. सेमारांगचा साखरसम्राट, जन्म १८६६. मळे, कारखाने, बोटी, बँक सगळं स्वतःचं. आपल्याकडे साखर कारखानदारी उभी राहायच्या आधी हिंदुस्थानात जाव्याची साखर भरपूर यायची, त्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा माणूस. १९२४ मध्ये सिंगापूरला वारला.

अवांतर: १९८० ला प्रकाश पदुकोण ऑल इंग्लंड जिंकला तो फायनलमध्ये लिएम स्वी किंगला हरवून. त्याचं लिएम म्हणजे मँडरीनमधलं लिन.

मुळा_मुठा

@जास्वंद_७१ जबरदस्त माहिती. नाव बदलायला लावणं हे किती आतवर जाऊन लागत असेल.

दर्याकिनारी

मी मॉरिशसला ३ वर्षं शिकवत होते. तिथे अजून वेगळंच. चिनी माणूस बंदरात उतरला, नाव सांगितलं, आणि कारकुनाने ते अख्खं नाव पोरांचं आडनाव म्हणून टाकलं, कारण चिनी नावात आडनाव आधी येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे तिथे तीन तुकड्यांची आडनावं आहेत, पणजोबांचं संपूर्ण नाव पाठीवर घेऊन फिरणारी. मॉरिशसच्या २५ रुपयांच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते सर झाँ आ-च्वेन, देशाचे पहिले चिनी वंशाचे मंत्री. त्यांचं कुळाचं आडनाव चू, पण घराण्याचं नाव पडलं आ-च्वेन, वडिलांच्या हाकेच्या नावावरून. आपल्या लोकांचंही तिथे तसंच झालं, मजूर म्हणून उतरलेल्या बापाचं पहिलं नाव पुढे सगळ्यांचं आडनाव. माझ्या वर्गात मराठी घरातली मुलं होती, घरी गणपती बसायचा, पण आडनावावरून गाव कुठलं ते सांगता यायचं नाही.

देवराई

एक शंका विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. सगळे हुआंग खरंच त्या एका राज्यातून आलेत का? आपल्याकडेही प्रत्येक घराणं स्वतःला कुठल्या तरी राजवंशाशी जोडतं.

किनारा

@देवराई, वाईट कसलं, विचारायलाच हवं होतं. नाही, सगळे नाहीत. आज चीनमध्ये हे आडनाव ३ कोटींच्या आसपास लोकांचं आहे, पहिल्या दहात, आणि दाटी आहे ती ग्वांगतुंग, ग्वांगशी, फूच्यान ह्या दक्षिणेकडच्या प्रांतांत. ग्वांगशीतले च्वांग लोक, ज्यांची भाषा चिनी कुळातलीसुद्धा नाही, त्यांच्यात हुआंग अतिशय सामान्य. तिकडे चिनी राज्य पोचलं तसं स्थानिक घराण्यांनी हे आडनाव घेतलं. तरी वंशावळीच्या पोथीत मात्र सगळ्यांचा उगम हनानमध्येच लिहिलेला असतो. मला त्यात लबाडी वाटत नाही. नाव घेतलं म्हणजे त्या नावाचे पूर्वजही घेतले, दत्तक गेलेला मुलगा नव्या घरचं श्राद्ध करतोच की.

व्हिएतनामचं राहिलंच होतं. तिथेही हे मोठं आडनाव, उत्तरेत होआंग आणि दक्षिणेत हुइन्. फरकाचं कारण ऐका. १६ व्या शतकात दक्षिणेचा कारभार न्गुयेन होआंग नावाच्या सरदाराकडे गेला, त्याच्या वंशजांनी तिथे राज्य केलं, आणि राजाच्या पूर्वजाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून दक्षिणेतल्या होआंग लोकांनी उच्चार बदलून हुइन् केला. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, त्या नावाचा दुसरा शब्द आला तरी फिरवून बोलायच्या, अगदी तसंच, फक्त अख्ख्या मुलखाने. कोरियात हेच अक्षर ह्वांग.

रानजाई

माझ्या सासूबाई अजून 'वसंत ऋतू' म्हणत नाहीत, 'फुलांचा मोसम' म्हणतात. सासऱ्यांचं नाव वसंत. त्यांना हुइन्चं सांगते उद्या.

माझगावकर

आपल्या मुंबईतही खूण आहे हो. माझगावला नवाब टँक रोडजवळ सी यूप कून, चिनी देऊळ, १९१९ चं. बाहेरून साधं घर वाटतं. सी यूप म्हणजे 'चार तालुके', ग्वांगतुंगमधले, तैशान त्यातलाच, म्हणजे वाँग किम आर्कचं मूळ गाव आणि आमच्या माझगावच्या देवळाची माणसं एकाच मुलखातली. गोदीत काम करणारे, बोटीवरचे सुतार, खलाशी, पुढे दंतवैद्य, चपलांची दुकानं, पार्लर. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या चिन्यांना धरून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, साधारण ३००० माणसं, बहुतेक आसाम-बंगालकडची, पण भीती सगळीकडे पसरली आणि मुंबईतलेही कितीतरी देश सोडून गेले. माझ्या वडिलांचा शाळेतला एक मित्र असाच गेला. वडील अजून म्हणतात, निरोप घ्यायलासुद्धा आला नाही, नसेल देता आला. त्याचं आडनाव वाँग होतं. पोटवाला की तीन रेघांचा ते आता कोण सांगणार.

किनारा

@माझगावकर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. काकांना माझा नमस्कार सांगा.

गोदातीर

उशिरा वाचला धागा. किनारा, तिकडे वंशावळ ठेवतात का? आमच्याकडे नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत सात-आठ पिढ्या सापडतात, मी स्वतः खापरपणजोबांची मोडीतली सही बघितली आहे.

किनारा

@गोदातीर, ठेवतात, आणि तुझा प्रश्न अगदी वेळेवर आला, कारण काल संध्याकाळी आजोबांनी त्यांची पोथी दाखवली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या कापडात बांधलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. उजवीकडून डावीकडे, वरून खाली, नुसती नावं. मुलींची नावं नाहीत, फक्त "एक कन्या, अमक्या गावी दिली" असं, ते मला खटकलं आणि मी तसं बोलले, तर ते म्हणाले माझ्या सुनेने नवीन प्रत करायला घेतलीय त्यात सगळ्या आहेत.

पोथीच्या सुरुवातीला एक कविता आहे, जगभरातल्या हुआंग घरांत ही थोड्याफार फरकाने सापडते. परंपरेने सांगतात ते असं. १० व्या शतकात फूच्यानमधल्या शाओवू गावी हुआंग छ्याओशान नावाचा गृहस्थ होता. तीन बायका, प्रत्येकीला सात मुलगे. म्हातारपणी त्याने सगळ्यांना बोलावलं आणि प्रत्येक बायकोचा थोरला मुलगा तेवढा आईजवळ ठेवला, बाकी १८ जणांना एकेक घोडा आणि वंशावळीची एकेक प्रत देऊन सांगितलं, निघा. घोडा जिथे थांबेल तिथे घर करा. आणि ही कविता पाठ करून घेतली, पुढे कुठे कोणी हुआंग भेटला आणि त्याला ही येत असली की समजायचं भाऊ आहे.

आजोबांनी ती होक्कियनमध्ये म्हटली, डोळे मिटून, हेल काढून. मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला तो मी मराठीत सांगते. घोड्यांनो, झपाझप परमुलखात जा, जिथे जाल तिथे घरदार नीट उभं करा. बरीच वर्षं गेली की परका मुलूख हाच आपला मुलूख, बरेच दिवस झाले की परगाव हेच मूळ गाव. आईवडिलांनी सांगितलेलं विसरू नका, सकाळ-संध्याकाळ पूर्वजांना उदबत्ती लावा. देवाची कृपा राहो आणि 'तीन सात' मुलगे सगळे वाढोत. तीन सात म्हणजे सात त्रिक एकवीस.

मी विचारलं, तुम्ही कोणाला ही म्हणून कधी भाऊ ओळखला का? तर म्हणाले हो, १९७० च्या सुमाराला बोटीवर काम करताना मनिलाच्या धक्क्यावर. समोरच्या माणसाच्या पाटीवर उय लिहिलेलं, बोली त्यांना नीट समजेना, म्हणून पहिली ओळ म्हटली. त्याने दुसरी म्हटली. मग दोघं जेवायला गेले.

गोदातीर

दुसरी ओळ कुठली, परगावची ना?

किनारा

नाही गं, परगावची तिसरी-चौथी आहे. दुसरी घर नीट उभं करा ही.